खसरा तीनशे चार

सारंग, जागा विचारू नकोस.
आधी कागद वाचायला शीक.

नकाशात हिरवं रंगवलंय ते सोड,
तिथे वनखात्याचं कुंपण आहे आणि कुंपणात शेळ्या.
कुणाचं नाव लागलेलं शेतही सोड,
मालक झोपला तरी त्याचा कुत्रा जागा असतो.
शेवटचा रकाना बघ.
शासकीय. बंजर. पथरीली.
एकतीस वर्षं हे तीन शब्द मी लिहिले,
ग्वाल्हेरच्या भू-अभिलेखात, निळ्या शाईने,
आणि फार उशिरा कळलं
की तितरांची वस्ती आपण या नावाने नोंदवतोय.

फाल्गुन सरताना जा,
मोहाची फुलं पडायला लागली की.
तिघऱ्याच्या अंगाला, बंद खाणींच्या वर.
स्कूटर लांब ठेव, स्टँडला हळू लाव;
त्या एका खटक्यापायी
माझी अख्खी सकाळ वाया गेलेली आहे.
लष्करातून निघताना चहा पिऊ नकोस.
कारण साठीनंतर कळेल.

बस. उजाडायच्या आधी एक जण बोलतो.
मग दुसरा, नाल्यापलीकडून, जरा चिडून.
दोघांच्या मधोमध जी रेघ,
तिच्यावर कोणीच नसतं.
ती त्यांची हद्द.
आम्ही पुरलेल्या दगडांपेक्षा पक्की.

हे मला हरविलासने दाखवलं.
सहरिया. माझ्याबरोबर जरीब ओढायचा,
साखळीचं दुसरं टोक कायम त्याच्या हातात.
मी कोन मोजायचो, तो जमीन वाचायचा:
बोरीखाली पांढरी शिट, म्हणजे वर रात्रीचा मुक्काम.
वाटीएवढा खळगा, चाळल्यासारखी धूळ, त्यात एक करडं पीस,
म्हणजे दुपारी इथे अंघोळ झाली.
वारूळ उकरलेलं, माती अजून ओली,
म्हणजे बोलू नका साहेब.
मग ओठ मुडपून तो असं काही काढायचा
की नर पळतच यायचा झुडपातून,
मान ताठ, भांडायच्या तयारीने,
आणि समोर दोन सरकारी नोकर.

एकदा त्याने फास लावला.
कायद्यात तेव्हाही बसत नव्हतं, आणि मी तर कागदाचा माणूस.
खाल्लं. मीठ जास्त झालं होतं.
दुसऱ्या पहाटे नाल्यापलीकडचा ओरडला.
थांबला.
पुन्हा ओरडला.
इकडून कोणी चिडलं नाही.
हरविलास जरीब गुंडाळत राहिला,
गुंडाळून झाली तरी.

म्हणतात, तितर ज्याला जे हवं ते ऐकवतो.
वाण्याला नून-तेल, फकिराला देवाचं नाव.
मला अजून आकडाच ऐकू येतो,
तीन-शे-चार, तीन-शे-चार,
कुणीतरी हजेरी घेतल्यासारखा.

पुढे खाणवाले आले, मिठाईचा डबा घेऊन.
त्या नंबरात लाल दगड आहे ना, साहेब?
होता. एकसंध, देवळाला लावावा असा.
मी लिहिलं: भुसभुशीत, चिरा जाणारा, निरुपयोगी.
नोकरीतली ती एकच खोटी नोंद.
पेन्शन त्या महिन्याचीही धरून मिळते.
डबा परत दिला, पण झाकण उघडून पाहिल्यावर.

तुझ्याकडे फास नाही, कॅमेरा आहे, दिसतंय मला.
पण तुम्ही फोटोखाली ठिकाण टाकता,
आणि पुढच्या रविवारी तिथे चार जीपा उभ्या.
म्हणून, बाळा,
शिट खरी, पीस खरं, बोर आणि मोह खरे,
हरविलासही खरा.
आकडा तेवढा दुसराच आहे.

कानांनी शोध.
सापडली जागा तर मलासुद्धा सांगू नकोस.
आवाज किती होते तेवढं ये सांगायला.
दोन असले पाहिजेत.